पेण ते रोहा, व्हाया दोन टायर

मोबाइल घेताना आपण आठवडाभर रिव्ह्यू वाचतो. शूजसाठी तीन मॉल पालथे घालतो. आणि गाडीचे टायर? ‘भाऊ, चांगलेवाले टाका’ म्हणतो आणि चहा प्यायला जातो! गेल्या जुलैपर्यंत मीही याच कॅटेगरीतली होते.

शुक्रवारची रात्र होती. वाशीहून रोह्याला आईबाबांकडे निघाले होते. नागोठण्याला हायवे सोडला, भिसे खिंडीत शिरले आणि एका वळणावर साचलेल्या पाण्यात स्टीअरिंग एकदम हलकं झालं. मी फिरवतेय आणि गाडी आपली सरळच चाललीय! जेमतेम दोन सेकंद. समोरून काही येत नव्हतं, म्हणून आज हा कॉलम लिहितेय. सकाळी बाबांनी टायरवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘अगं, खाचा कुठायत यात? पाटी झालीय नुसती.’’

झालं होतं ते असं. टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात. खाचा झिजल्या आणि स्पीड जास्त असला की पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही. टायर रस्त्यावर न राहता पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही नावापुरते.

मग सुरू झाला होमवर्क. प्रीमियम टायरवर ‘समर टायर’ असा शिक्का असतो. नाव ऐकून वाटतं, फक्त उन्हाळ्यासाठी. पण हा शब्द युरोपातला. तिथे पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की या टायरचं रबर कडक होतं, म्हणून लोक हिवाळ्यात वेगळे टायर लावतात. रोह्यात जानेवारीतही स्वेटर मिरवायला मिळाला तर नशीब! आपल्याकडे या टायरची खरी परीक्षा पावसात. रायगडात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपले समर टायर खरं तर पावसाळी टायरच.

माझा साइझ २०५/५५ आर१६, ९१ व्ही. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, एका टायरवर ६१५ किलो भार आणि वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत. (वडखळच्या ट्रॅफिकमध्ये ४० मिळाला तरी पेढे वाटा.)

फायनलला दोघं पोचले. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी आणि ब्रिजस्टोन टुरान्झा टी००५. प्रायमसी ४ आणि टी००५ दोघेही युरोपात २०१८ मध्ये आले, त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी पुढची मॉडेल्सही काढली. प्रायमसीचा दावा असा, की टायर झिजल्यावरही ओल्या रस्त्यावरचा ब्रेक दमदार राहतो. ‘एसटी’ मॉडेलचा भर शांतपणावर. आमच्या लाल डब्याशी काही संबंध नाही! टुरान्झाचा जोर ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर. दोघांच्या रबरात सिलिका असते. ओल्यात चिकटून राहण्याचं बरंचसं श्रेय तिचंच.

मी प्रायमसी टाकले. पेणच्या चुलतभावाची गाडी सेम, टायरचा साइझही सेम, पण टुरान्झावर. मग ऑगस्टमधल्या एका धो धो रविवारी आम्ही पेण ते रोहा असं चाळीसेक किलोमीटर दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या.

पेण सोडलं आणि प्रायमसीनं मन जिंकलं. डांबरावर इतका शांत, की वायपरचा आवाज जास्त! टुरान्झा मात्र वळणावर सुस्त वाटला. मी मनात निकालही लावून टाकला. वडखळच्या पेट्रोल पंपावर सहज हवा चेक केली, तर दादाच्या चारही टायरमध्ये ३३ ऐवजी २६!

‘‘अरे दादा, शेवटची हवा कधी भरलीस?’’

‘‘गणपतीत.’’

‘‘कुठल्या?’’

दादा गप्प.

हवा भरली आणि गाडी बदलली. भिसे खिंडीत टुरान्झाचं स्टीअरिंग माझ्या प्रायमसीपेक्षा थोडं जास्तच चटपटीत लागलं. मला प्रायमसी जास्त शांत वाटला, टुरान्झा जास्त तरतरीत. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर आम्हा दोघांनाही फरक सांगता आला नाही. खरा फरक पडला तो फुकटच्या हवेनं.

म्हणजे ब्रँड निवडायचाच नाही का? जरूर निवडा. रोज हायवेवर तास-दोन तास काढत असाल तर शांत टायर घ्या. घाटवळणं आवडत असतील तर दुसरा. माझ्यासारखे टायर शेवटपर्यंत घासणारे असाल, तर झिजल्यानंतरची पकड आधी विचारा. पण दुकानात भांडायचं ते दुसऱ्याच गोष्टींसाठी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. जुना माल नको म्हणा. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर उरले, कायद्याची मर्यादा संपली. आपल्या पावसात तेवढी वाट बघूच नका. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. आकडा दरवाज्याच्या स्टिकरवर असतो. आणि पाणी दिसलं की ८० वरून ६० वर या. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायचं अंतर जवळपास ४४ टक्क्यांनी घटतं. हे कुठलाही प्रीमियम टायर विकत देत नाही.

रोह्याला पोचल्यावर बाबांनी पुन्हा टायरवरून बोट फिरवलं. या वेळी बोट खाचेत अडकलं. ते काही बोलले नाहीत, फक्त आईला हाक मारून म्हणाले, ‘‘चहा टाक गं, आली व्यवस्थित.’’