कळलावीची वाटणी

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात त्यांत बहुधा गुलाबावरची कीड, मोगऱ्याचा रुसवा आणि वाळलेली तुळस यांच्याच तक्रारी असतात. यंदा मात्र एका भगिनींनी निराळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, ‘मला कळलावीची वेल फार आवडते. कुंडीत लावीन म्हणते, पण सासूबाई म्हणतात की ती घरात आली की भांडणे होतात. काय करू?’

ऐन दिवाळीत भांडणाचा विषय काढणे बरे नव्हे, हे मलाही कळते. पण या प्रश्नाचे उत्तर द्यायला माझ्याइतका अधिकारी माणूस सहसा मिळायचा नाही. कारण आमच्या घरात कळलावीही आली आणि भांडणही झाले. त्यांतले आधी कोण आले, एवढेच काय ते सांगायचे आहे.

आधी या वेलीची ओळख करून देतो. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर, घाटातल्या झुडपांवर एक वेल चढलेली दिसते. तिच्या पानांची टोके दोऱ्यासारखी वळलेली असतात आणि त्या टोकांनीच ती आधार धरते. फूल उमलते तेव्हा हिरवट, मग पिवळे, मग केशरी आणि शेवटी लालभडक होते. सहाही पाकळ्या कडेला मुरडलेल्या आणि मागे उलटलेल्या, जणू चुलीतला जाळ वाऱ्याने वर उठला आहे. म्हणून ती अग्निशिखा. वाघाच्या नख्या आठवतात म्हणून वाघनखी. जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. तमिळनाडूने तिला आपले राज्यफूल केले आहे आणि तिकडे आफ्रिकेत झिंबाब्वेने राष्ट्रीय फूल. लिनियसने 1753 साली तिचे नाव ठेवले ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. म्हणजे वैभवशाली आणि वर दिमाखदार! आम्ही मराठी माणसांनी मात्र तिला कळलावी म्हणून मोकळे झालो.

या नावातली ‘कळ’ मुळात भांडणाची नव्हे, बाळंतपणाची. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरीत. तो उपाय अत्यंत धोक्याचा होता आणि आज कोणी चुकूनही करू नये. पण ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावून देणे, हाही अर्थ आपल्या भाषेत आहेच. बाळंतपणाचा संदर्भ मागे पडला आणि बिचारी वेल कळीच्या नारदाच्या पंगतीत जाऊन बसली.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी परसाच्या गडग्यावर ही वेल दर पावसाळ्यात यायची. एरवी आई ते फूल उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. पण गौरी आल्या, की तीच आई तेरड्याबरोबर ती फुले आणायला मला आणि दादाला पिटाळायची. तेव्हा त्यांचे नाव बदलून ‘गौरीचे हात’ व्हायचे. ‘आई, आता भांडण नाही का होणार?’ असे मी एकदा विचारले, तर ‘देवाच्या दारी कसलं रे भांडण!’ म्हणून तिने मलाच गप्प केले.

आई गेली आणि 2014 साली आमची वाटणी झाली. घर दादाकडे, मागची पट्टी माझ्याकडे, आणि मधोमध तो गडगा. तो कोणाच्या हद्दीत, यावरून दोघे शिकले-सवरलेले भाऊ तलाठ्यापासून वकिलापर्यंत फिरून आलो. गडगा होता फार तर दीड हात रुंदीचा. त्यापायी आठ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या काळात माझ्या पुण्याच्या बिऱ्हाडात कळलावीचे एक पानही नव्हते, हे त्या सासूबाईंना आवर्जून सांगावे.

2022 च्या शिमग्यानंतर एके सकाळी फोन वाजला. आवाज दादाचा. ना ख्याली, ना खुशाली. ‘रस्ता रुंद करतायत. गडगा पाडणार आहेत परवा. आईच्या कळलावीचे कंद आहेत त्यात. न्यायचे तर ये.’ एवढे बोलून त्याने फोन ठेवला. मी रात्रीची एस्टी धरली.

मार्चमध्ये या वेलीचा मागमूस नसतो. वर सगळे वाळून गेलेले असते आणि कंद जमिनीत झोपलेला असतो. खणायला हीच वेळ योग्य. पण खणायचे कुठे? दादाला जागा पाठ होती. करवंदीच्या जाळीपाशी वाळक्या दांडीचा एक तुकडा उभा होता, तिथे त्याने बोट दाखवले. मी उत्साहाने कुदळ मारली आणि काटकन आवाज झाला. दादाने कंद उचलून पाहिला. ‘मोडलास डोळा!’

मग त्याने मला जे सांगितले, ते या वेलीच्या लागवडीतले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे. कळलावीच्या कंदाला दोन फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. ‘मधोमध मोडलास तर काही बिघडत नाही,’ दादा म्हणाला, ‘दोन वेली होतील. पण टोकाचा डोळा गेला की संपलं. मग कितीही खत घाल.’

बोलून झाल्यावर तो जरा थांबला. मीही थांबलो. मग आम्ही दोघांनी कुदळ बाजूला ठेवली आणि हातांनीच माती उकरायला बसलो. दुपारपर्यंत तीन कंद धड निघाले. वहिनींनी न विचारता माझे पान वाढले होते.

पुण्यात आल्यावर खरी परीक्षा पुढे होती. भांडणाला आमची सौ. भ्यायली नाही. ती म्हणाली, ‘भांडायला मला वेलीची गरज नाही. पण विषारी आहे ना ती? आणि घरात तीन वर्षांची नात आहे.’ हा आक्षेप मात्र सोळा आणे खरा. कळलावीचे सगळे अंग विषारी, कंद आणि बी सर्वांत अधिक. त्यातले कोल्चिसीन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर मोजून-मापून देतात आणि त्यासाठी तमिळनाडूत बियांकरिता हिची शेती होते. पण तेच अंदाजाने पोटात गेले तर जीव जातो. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. लक्षणे काही तासांनी दिसतात, म्हणून ‘काही झाले नाही’ असे समजून बसू नये. तसा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे.

तेव्हा घरात तह झाला. कुंडी गच्चीवर जाळीच्या आड, कुलपात. कंद कधीही स्वयंपाकघरात किंवा कांद्याबटाट्यांच्या टोपलीशेजारी ठेवायचे नाहीत. हात लावायचा तो हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. घरात लहान मूल किंवा कुत्रे-मांजर असेल आणि अशी बंदिस्त जागा नसेल, तर सरळ सांगतो, कळलावी लावू नका. रानात जाऊन पाहा.

जागा असेल त्यांनी असे करावे. कुंडी निदान बारा इंच खोल घ्यावी आणि तळाला विटांचे तुकडे घालावेत. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भुसभुशीत हवे. पाणी साचले की कंद कुजलाच म्हणून समजा. मेच्या शेवटी कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती घालावी. कोंब दिसेपर्यंत पाण्याची घाई नको, वळवाची एखादी सर पुरते. कोंब अतिशय ठिसूळ असतो. तो मोडला तर ते वर्ष बहुधा फुकट जाते, म्हणून आधारासाठी काटक्या किंवा जाळी आधीच उभी करावी. वेल स्वतःच्या पानांनी चढते, तिला दोऱ्यांनी करकचून बांधू नये. तिचा शेंडा उन्हात आणि मूळ सावलीत राहील असे पाहावे.

माझ्या तीन कंदांपैकी पहिल्या वर्षी एकाला श्रावणात चार फुले आली, दुसऱ्याने नुसती पाने दाखवली आणि तिसरा कुजला. मी कुंडीचे छिद्र मोकळे करायला विसरलो होतो. दोष माझाच. पुढच्या श्रावणात मात्र दोन्ही कुंड्या फुलल्या. एकेक फूल आठवडाभर टिकते आणि रोज रंग बदलते, त्यामुळे एकाच वेलीवर पिवळ्यापासून लालपर्यंत सगळ्या छटा एकदम दिसतात.

एक शत्रू सांगून ठेवतो. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके असलेली एक अळी पावसाळ्यात येते. जे विष आपल्याला पचत नाही, ते तिला पक्वान्नासारखे लागते. दोन दिवसांत वेल खराट्यासारखी करते. हातमोजे घालून रोज सकाळी अळ्या वेचून काढाव्यात.

फुले संपली की लोकांचा रस संपतो आणि तिथेच चूक होते. पाने पिवळी पडेपर्यंत वेल कापू नये. याच काळात जुना कंद स्वतः रिता होत जातो आणि त्याच्या जागी नवा, दोन फाट्यांचा कंद भरत असतो. पाने वाळली की पाणी बंद करावे आणि कुंडी पावसापर्यंत कोरडी ठेवावी. बियांपासूनही वेल होते, पण फूल यायला तीन-चार वर्षांची तयारी हवी. कंद आणायचे ते रोपवाटिकेतून किंवा एखाद्या लावणाऱ्याकडून. औषधासाठी खणून नेणाऱ्यांनी रानातली कळलावी कित्येक ठिकाणी विरळ केली आहे, त्यात आपली भर नको. आमचे कंद आम्ही काढले, कारण दुसऱ्या दिवशी तिथे गडगाच राहणार नव्हता.

तर भगिनी, तुमच्या सासूबाईंना सांगा, भांडणे आपण लावतो आणि नाव वेलीचे होते. मात्र विषाबद्दल त्यांनी काही म्हटले, तर ते मुकाट्याने ऐका.

हे लिहितो आहे तेव्हा गच्चीवरची वेल पिवळी पडली आहे. फळे तडकली आहेत आणि आतले लाल बी पणतीच्या ज्योतीसारखे दिसते आहे. परवा दादाचा फोन आला. हल्ली ख्याली-खुशालीही विचारतो. नव्या कुंपणाला आता वर्षे झाली, पण ते भुंडे दिसते, म्हणाला. शिमग्याला येताना एक कंद घेऊन ये.

कुंपण कोणाच्या हद्दीत आहे, ते मी विचारले नाही. कंद तेवढा जपून काढणार आहे, डोळा सांभाळून.