मिरचीची फुलं गळतात?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चिंचवडच्या गॅलरीत मिरचीची सहा रोपं फुलांनी नुसती डवरली होती. पण रोज सकाळी केर काढताना सुपलीत तीच पांढरी फुलं! मिरची एक धरेना.

बी साधंसुधं नव्हतं. माझं माहेर चाकणजवळचं. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, तेव्हा आईने शेवटच्या तोड्यातल्या लाल मिरच्या वाळवून ठेवल्या. परसात दरवर्षी चार रोपं लावून ती बी नवं धरत आली. आता तिचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पुडी माझ्याकडे आली. माझा जीव किती खालीवर झाला असेल, सांगायला नको.

घाबरून मी पाणी दुप्पट केलं, वर शेजारणीच्या सांगण्यावरून युरियाही घातला. पानं हिरवीगार झाली, फुलं गळतच राहिली. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं.

मग शाळेतला तापमापक मागून आणला. (माझे तास तीनच, पण असा उपयोग होतो!) पश्चिमेच्या भिंतीशी दुपारी ४१ अंश. ते अपेक्षितच होतं. पण रात्री नऊलाही ३१! भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडत राहते. त्यात शेजारच्या एसीचा गरम झोत. मिरचीला दिवसा साधारण २० ते ३० अंश मानवतात. पारा पस्तिशीपुढे गेला किंवा रात्रही तापलेली राहिली, की परागकण निकामी होतात आणि फूल गळून पडतं. ढोबळी मिरची तर याहून नाजूक. उलट थंडीत, पारा १५च्या खाली उतरला तरी फळ नीट धरत नाही. तेव्हा डिसेंबरात रोप नुसतंच उभं दिसलं तर उगाच खत ओतू नका.

कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत हलवल्या. तिथे सकाळपासून बारापर्यंत ऊन, पुढे सावली. मिरचीला सहा तास ऊन लागतंच, पण ते सकाळचं असलं तर बरं. पाणी मातीत बोट खुपसून पाहून, कोरडं लागलं तरच. जूनच्या पहिल्या सरींनी हवा निवली आणि अकरा मिरच्या धरल्या. एकही फोडणीत पडू दिली नाही!

नव्याने लावायची असेल तर बी जूनच्या आरंभी पेरावे. दीड महिन्यात रोप कुंडीत लावण्याजोगे होते आणि सप्टेंबरच्या सुमारास फुलावर येते. मात्र श्रावणातल्या ढगाळ हवेत उजेड कमी पडून रोपे लांबुडकी होतात. ती घरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी ठेवावीत. जानेवारीत पेरलेत तर थंडीने उगवण रेंगाळते, म्हणून ट्रे रात्री स्वयंपाकघरात आणावा.

आणि ज्यांना पश्चिमेचीच गॅलरी आहे, त्यांनी कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ओढाव्यात, दुपारी अर्धी सावली देणारी हिरवी जाळी लावावी. जाळी नसेल तर जुनी सुती साडी चालते. माझी अजून तिथेच आहे.