बिलावर औषधाआधी रोगाचे नाव लिहा

पावसाळा अर्धा सरला की सरकारी दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. अंग घामाने भिजलेले, तोंडातून लाळ गळते आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, दंडाचे-मांडीचे स्नायू आपोआप फडफडत असलेले. सोबतच्या माणसाला विचारावे, काय फवारत होते? उत्तर बहुधा असेच येते, ‘‘मिरचीले बोकड्या आला व्हता साहेब. कृषी केंद्रातून तीन औषधं आनली, एकाच पंपात टाकून मारली.’’ औषधांची नावे विचारली तर ठाऊक नसतात. बाटल्या धुऱ्यावर फेकलेल्या असतात.

रुग्ण सावरला की माझ्या मनात एक प्रश्न उरतो. बोकड्या नेमका कशाने आला होता? हा प्रश्न फवारणीआधी कोणी विचारला होता का?

वरूड म्हटले की लोकांना संत्रा आठवतो. पण आपल्या तालुक्यातल्या राजुरा बाजारची हिरवी मिरचीही दूरवर जाते आणि अनेक घरांचे वर्षाचे गणित तिच्यावर चालते. या मिरचीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बोकड्या, ज्याला चुरडा-मुरडा असेही म्हणतात. डॉक्टर म्हणून मला तो ‘तापा’सारखा वाटतो. ताप हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. मलेरियाचा ताप वेगळा, टायफॉइडचा वेगळा, साध्या सर्दीचा वेगळा. तसेच पान आकसण्याची कारणेही किमान तीन आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की बारीक, लांबट किडे पळताना दिसतात. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, म्हणजे होडी उलटी झाली असेल आणि पानाचा देठ लांबट दिसत असेल, तर तो कोळ्यांचा प्रताप असतो. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, भिंग लागते. तिसरा प्रकार विषाणूचा. पाने बारीक होऊन शेंड्याला गुच्छ होतो, शिरा पिवळट पडतात, झाड खुजे राहते. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

आता उपचार पाहा. फुलकिड्यांना कीटकनाशक लागते. कोळी हा कीटक नाही, त्याला गंधक किंवा कोळीनाशक लागते. उलट काही कीटकनाशके, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली, कोळ्यांना खाणारे मित्रजीव मारतात आणि त्यामुळे कोळी आणखी माजतात. विषाणू झाडात शिरला की त्यावर जगात कुठलेही औषध नाही. रोगट झाड लवकर उपटून नष्ट करणे, रोपवाटिका बारीक जाळीखाली ठेवणे, शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी लावणे, पिवळे चिकट सापळे लावून पांढऱ्या माशीवर नजर ठेवणे, हेच त्याचे उपाय. म्हणजे कारण न पाहता तिन्ही औषधे एकदम मारणे म्हणजे तापाच्या रुग्णाला मलेरिया, टायफॉइड आणि क्षय या तिन्हींच्या गोळ्या एकत्र चारण्यासारखे झाले. असे करणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल?

टोमॅटोची गोष्ट वेगळी नाही. फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला की बुरशीनाशक आणले जाते. पण हा मुळात बुरशीचा रोगच नाही. पाणी कधी जास्त तर कधी अजिबात नाही, असे झाले की झाडाने शोषलेले कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तो भाग मरतो. पाण्याच्या पाळ्या सारख्या ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय. गच्चीवरच्या कुंडीतही हेच घडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की टोमॅटोची फुले गळतात. तिथे टॉनिकपेक्षा सावली आणि लागवडीची वेळ कामाची. रोप अचानक मान टाकू लागले, तर खोडाचा तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरावा. काही मिनिटांत दुधाळ धार उतरली, तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिच्यावर फवारणीचा उपयोग नाही. त्या जागी पुढची काही वर्षे मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा टाळावा. धार न उतरता खोड आतून तपकिरी निघाले, तर बुरशीचा संशय. आणि आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचूनही मुळे गुदमरतात, त्याला गादीवाफा आणि चर हाच इलाज.

या तपासण्यांना ना प्रयोगशाळा लागते ना मोठा खर्च. साधे भिंग औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळते.

काही वेळा मात्र प्रयोगशाळाच लागते. २०२० च्या मे महिन्यात नाशिक, अहमदनगर, पुणे भागातल्या टोमॅटोवर पिवळे-लाल पट्टे पडून फळे आतून कडक आणि काळी पडू लागली. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. त्या काळात कोरोनाची भीती होतीच, त्यात हा विषाणू माणसालाही घातक असल्याच्या बातम्या पसरल्या आणि शेतकऱ्यांचे नुकसान वाढले. नमुने बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले, तेव्हा त्यात काकडीवर्गात आढळणाऱ्या मोझॅक विषाणूसह वनस्पतींचेच विषाणू निघाले. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत, हे मी डॉक्टर म्हणून ठामपणे सांगू शकतो. निदान हाती आले आणि भीतीला आधार उरला नाही.

आपल्या शेजारच्या यवतमाळात २०१७ साली जे झाले, ते विसरता येत नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. चर्चा झाली ती हातमोजे, चष्मे आणि मास्कची. ती आवश्यकच होती. पण भर उकाड्यात दिवसभर पंप पाठीवर घेणारा मजूर ते सगळे अंगावर ठेवत नाही, हे आपण जाणतो. विष टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे नको असलेली फवारणी न करणे, आणि ती टळते निदानामुळेच.

मिश्रणाचा आणखी एक घात आम्हाला उपचार करताना कळतो. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या विषाला ॲट्रोपिन हा उतारा आहे, वेळेत दिला तर माणूस वाचतो. पण डायफेन्थियुरॉनसारख्या काही औषधांना नेमका उतारा नाही. पंपात काय काय होते हेच ठाऊक नसेल, तर आम्हीही अंधारात चाचपडतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक कृषी केंद्राने पक्क्या बिलावर औषधाच्या नावाआधी एक ओळ लिहावी : पीक कोणते, रोग किंवा कीड कोणती. आम्ही चिठ्ठीवर आधी निदान लिहितो आणि मग औषध. तोच नियम इथेही असावा आणि कृषी विभागाने तो सक्तीचा करावा. निदान लिहावे लागले की विकणाराही आधी विचार करेल आणि घेणाराही प्रश्न विचारेल.

यात दुकानदाराला खलनायक ठरवायचे नाही. अडीनडीला उधारी तोच देतो, रात्री फोनही तोच उचलतो. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, तो हवा तेव्हा बांधावर येऊ शकत नाही. पण विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्यात शिकलेले काउंटरवर दिसले पाहिजे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि आपल्या जिल्ह्यातली घातखेड व दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रे सल्ल्यासाठीच आहेत. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट लागतो. पान वरून आणि खालून दाखवणारे दोन फोटोही तज्ज्ञाला पुष्कळ सांगतात.

शेती नसलेल्या वाचकांचाही यात संबंध आहे. मिरचीची तोडणी थोड्या थोड्या दिवसांनी होते. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस थांबायचे हे लेबलवर लिहिलेले असते, ते पाळले नाही तर अंश ताटात येतो. वाहत्या पाण्यात भाजी चोळून धुतली की वरचे औषध बरेच निघते, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत गेलेले असते. ते धुऊन जात नाही.

तोवर एवढे करा. फवारायला जाताना बिल खिशात किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. फवारताना डोके गरगरले, मळमळले, नजर धूसर झाली, तर पंप तिथेच उतरवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. घरगुती उपायांनी उलटी काढण्यात वेळ घालवू नका. आणि दवाखान्यात येताना ते बिल सोबत आणा.