असुर निवेदन देत नाहीत

ॲनिमेशन आणि गेमिंगच्या धोरणाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. 2050 पर्यंतचा 3,268 कोटींचा आराखडा आहे म्हणे. पुण्या-मुंबईत पेढे वाटून झाले. परभणी जिल्ह्यातून आमच्याकडे पेढे आले नाहीत, एक पत्र आले.

गंगाखेडकडच्या काही मुलांनी ॲक्शन आरपीजीचा डेमो केला आहे. खलनायक आहे वाळूचा ठेकेदार. लढतीच्या तिसऱ्या फेजमध्ये तो गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, कोरड्या पात्रात हायवा टिपरचे दिवे लावून उभा राहतो आणि उजेडाबाहेर पाय पडला की खालची वाळू खचते. आम्ही खेळून पाहिले. हिटबॉक्स ढिले आहेत, कॅमेरा मधेच टिपरच्या आत घुसतो, पण माणूस डोक्यातून जात नाही. गावच्या शाळेवर पत्रे त्यानेच घातले आहेत, दरसाल सामुदायिक विवाहही तोच लावतो, आणि पात्र उपसल्यामुळे गावात सगळ्यात आधी आटली ती त्याचीच विहीर.

अर्थसाहाय्याच्या चौकशीला मुले एका कार्यालयात गेली. नाव छापत नाही, मुलांना पुन्हा तिथेच जायचे आहे. त्यांच्याकडे 500 रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र मागितले गेले: खलपात्रामुळे कोणताही धर्म, जात, व्यवसाय किंवा लोकप्रतिनिधी यांच्या भावना दुखावणार नाहीत. वाळूचोरी व्यवसायात धरायची का, असे मुलांनी विचारले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि तोडगा सांगितला, ‘‘अरे, त्याला राक्षस करून टाका ना!’’ ठेकेदाराचा वाळुकासुर झाला. शिंगे आली, सुळे आले. विहीर गेली, शाळेवरचे पत्रेही गेले. फाइल पुढच्या टेबलावर सरकली.

साहेबांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संहितांत कोणीही न सांगता हेच झालेले असते. असुरांची संघटना नाही, ते निवेदन देत नाहीत, तहसीलसमोर उपोषणाला बसत नाहीत. म्हणून लेखकाला असुर सोयीचा. मग त्याचे गडगडाटी हास्य, ‘हे जग माझे आहे’ छापाचे भाषण, आणि पहिल्याच ओळीला स्किप दाबणारा खेळाडू.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला. तो आरपीजीत बसत नाही, तरी आपल्या मातीतले एवढे देखणे काम त्याआधी क्वचितच झाले होते. दुर्गा आणि विष्णूचे निवेदन त्यात खेळकर आहे. महाबलासुर मात्र शेवटपर्यंत नुसता मोठाच राहतो. उलट 2024 चा ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ पाहा. तिथेही राक्षसच आहेत, पण जर्नलमध्ये जवळजवळ प्रत्येकाची आपली कहाणी आहे, आणि प्रकरण संपताना येणारा ॲनिमेशनपट नुकत्याच मारलेल्या शत्रूबद्दल आपल्याला अवघडून टाकतो. जपानी ‘डार्क सोल्स’मध्ये शेवटचा बॉस ग्विन. त्याच्या लढतीला ढोलताशे नाहीत, पियानो आहे. पॅरी जमणाऱ्या खेळाडूपुढे तो फार टिकत नाही. विझत आलेला राजा कटसीनशिवाय कळतो. याला लेखन म्हणतात, आणि ते लढतीच्या आराखड्यातच झालेले असते. बॉसचे वार प्रोग्रामरवर सोपवून संवाद तेवढे लिहिणाऱ्याने स्वतःला खलपात्राचा लेखक म्हणवू नये.

बरे, हे शिकायला जपानला जायची गरज नाही. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम परभणीचे. गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि साथीदार त्याला मधेच अडवतो: कशापायी? कोणी सांगितलं? मग पुढं काय झालं? त्या टोचण्यांतून पात्राचा हेतू बाहेर पडतो, स्वगताची गरज राहत नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेले जांभूळ आख्यान आठवा. पांडवांच्या शत्रुपक्षात उभ्या असलेल्या कर्णावर तिथे खुद्द द्रौपदीचे मन जाते. प्रतिपक्षाला एवढे वजन दिल्यावर कथा पातळ राहीलच कशी? (आपल्याकडे नॅरेटिव्ह डिझाइनच्या कार्यशाळा भरतात, त्यांना एकाही गोंधळ्याला बोलावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मानधन परवडेल, काळजी नसावी.)

‘सामना’ चित्रपटातला साखरसम्राट हिंदुराव विजय तेंडुलकरांनी लिहिला तेव्हा साखर कारखानदारीही व्यवसायच होता. हिंदुराव पडद्यावर आला, आणि अजूनही आपल्याला पाठ आहे.

धोरण राबवणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे: तंत्र तपासा, हिशेब तपासा, गेम वेळेत पुरा होतो का ते पाहा. खलनायक कोण असावा हा तुमच्या टेबलाचा विषय नाही. त्या हमीपत्राला कोणत्या नियमाचा आधार आहे, हे कार्यालयांनी लेखी द्यावे. असे हमीपत्र आणखी कोणाकडे मागितले असेल तर त्याची प्रत पाठवा, नाव झाकून छापू.

आणि मंडळी, पुढच्या अंकासाठी खलपात्रे पाठवा. बोगस बियाण्यांचा विक्रेता चालेल, काट्यात मारणारा अडत्या चालेल, सावकार चालेल. असुरही चालेल, पण साथीदाराचे ‘कशापायी?’ त्याला चुकणार नाही. दोन पाने पुरेत: एका पानावर त्याची बाजू, दुसऱ्यावर त्याच्या लढतीचे फेज. पहिले पान कोरे असेल तर दुसरे आम्ही वाचणार नाही.