सडपातळ देह हा निरोगीपणाचा दाखला नव्हे

संपादक महाशय,


गेल्या महिन्यात पारनेरच्या आठवडे बाजारात एका परिचित शेतकऱ्याची गाठ पडली. त्यांच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. बाभळीचा काटा मोडून दीड महिना लोटला तरी जखम ओलीच, आणि काटा मोडल्याची वेदनाही त्यांना झाली नव्हती. सायंकाळी वहाणेत रक्त दिसले तेव्हा उमगले. रक्तातील साखर तपासून घ्या, असे मी सुचविताच ते म्हणाले, "गुरुजी, अंगावर मूठभर मांस नाही, आम्हाला कुठली साखर होतीय?" फार आग्रहानंतर त्यांनी तपासणी केली, उपाशीपोटीची साखर 240 भरली. उपाशीपोटी 126 किंवा जेवणानंतर 200 ही मर्यादा ओलांडली की मधुमेहाचे निदान होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती बोलका आहे ते कळेल.

हा गैरसमज त्या एका गृहस्थाचा नाही. तो अवघ्या तालुक्याचा आहे, आणि त्याविरुद्ध ही माझी कैफियत आहे. मधुमेह हा मुंबईहून परतलेल्या, पोट सुटलेल्या, बैठ्या व्यवसायाच्या माणसांचा रोग, भाकरी खाऊन रानात राबणाऱ्याला त्याचे भय नाही, असे सुशिक्षितही सांगतात आणि वर आपल्या पूर्वजांचा हवाला देतात. परंतु पूर्वजांनीच हे मत खोडून काढले आहे. प्राचीन वैद्य सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व तहानेने व्याकूळ, तर दुसऱ्याचा स्थूल व बहुभोजी असतो, असे वर्णिले आहे. देह कृश असूनही मनुष्य प्रमेही असू शकतो, हे ज्या भूमीत शतकानुशतके ज्ञात होते, तेथे आज त्याच कृशतेच्या आधारावर तपासणी टाळावी, हे मला क्लेशकारक वाटते.

अर्वाचीन संशोधनही आमच्या शेजारचेच आहे. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकांचे 3.5 किलो, परंतु आमच्या अर्भकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली आढळली. म्हणजे देह बारीक असला तरी चरबी कमी असेलच असे नाही. दुष्काळ आमच्या पाचवीला पुजलेला. आईच्या उपासमारीचा हिशेब लेकराच्या शरीरात असा मांडला जातो. पुढे 2025 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणजन्य मधुमेहास 'पाचवा प्रकार' म्हणून स्वतंत्र मान्यता दिली.

बालकांची गोष्ट याहून निकडीची आहे. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात (टाइप 1) शरीरातील इन्सुलिनच नाहीसे होते आणि रोग आठवड्यांच्या मुदतीत गळ्याशी येतो. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते, रात्री उठून घटाघटा पाणी पिते, भरपूर खाऊनही वाळत जाते. मग उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. आपल्याकडे त्याला ऊन लागले म्हणतात, जंत झाले म्हणतात, प्रसंगी अंगारा लावतात. इन्सुलिनवाचून असे मूल जगत नाही. टोरोंटो येथे जानेवारी 1922 मध्ये पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलास ते टोचण्यात आले. ज्या औषधाला शतक उलटून गेले, ते केवळ निदान न झाल्यामुळे एखाद्या लेकराला मिळू नये, ही हयगय अक्षम्य आहे.

दुसऱ्या प्रकाराची लक्षणे मात्र इतकी संथ असतात, की वैशाखातील तहान आणि आजाराची तहान यांत भेद करणे कठीण जाते. वारंवार लघवी, थकवा, धूसर दृष्टी, गुप्तांगाची खाज, तळव्यांची जळजळ वा बधिरपणा, न भरणारी जखम, यांपैकी काही दिसले तर तपासणी करावी. काही दिसले नाही म्हणून ती टाळू नये, कारण पुष्कळ रोग्यांस वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. लघवीला मुंग्या लागण्याची वाट पाहणे तर निव्वळ घातक. गरोदरपणीचा मधुमेहही असाच मुका. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर 140 वा अधिक भरली की तो ओळखता येतो.

शासनाची मधुमेहाची सार्वत्रिक तपासणी तीस वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांसाठी आहे. ती योग्यच, परंतु तीस हे वय रोगाने कबूल केलेले नाही. म्हणून तालुक्यातील आरोग्य यंत्रणेला माझा अर्ज एवढाच आहे: तहानेने व्याकूळ वा उलट्यांनी गळून गेलेले प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर स्त्री, आणि पायाला न भरणारी जखम असलेला प्रत्येक मनुष्य, मग तो कितीही हडकुळा असो, बोटातील रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीवाचून दवाखान्यातून परत पाठवू नये. आणि आपल्या पत्राच्या वाचकांस विनंती, की घरातील बारीक माणसाची तपासणी आधी करून घ्यावी. जाड माणसाला तपासणीची आठवण करून देणारे पुष्कळ असतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पारनेर (जि. अहिल्यानगर)