जोडीदार मतं आणतो. आपण त्याला मत देतो का?



निवडणूक आली की टेंभी नाक्यावर चहाच्या कपाबरोबर एकच गणित मांडलं जातं. आपला उमेदवार ठरला, आता त्याच्या जोडीला कोण? नाक्यावरचे हुशार लोक सांगतात, "आपली मतं तर खिशात आहेत. कुंपणावरच्यांना ओढील असा एखादा जोडीला घ्या, की काम फत्ते!"

आम्हीही हेच म्हणत होतो. तोंडावर आपटलो, म्हणून आज बोलतो.

आमच्या गिरणीत युनियनच्या कमिटीची निवडणूक होती. आम्ही त्रासन खात्यातले. बदलीवाल्यांची मतं कधी इकडं, कधी तिकडं. म्हणून साचाखात्यातला एक बदलीवाला जोडीला घेतला. माणूस सच्चा. त्याच्या सांगण्यावरून बदलीवाल्यांनी आम्हाला मतं दिली. मोजणी झाली, आम्ही निवडून आलो आणि तो पडला! पाडला कुणी? आमच्याच खात्यानं. "कायमवाल्यांच्या कमिटीत बदलीवाला कशाला?" म्हणून आमच्याच भावांनी दुसरी चिठ्ठी कोरी टाकली. दुसऱ्या दिवशी तो खात्याच्या दारात भेटला. म्हणाला, "दादा, माझी माणसं तुम्हाला चालली, मी नाही चाललो." आम्हाला उत्तर सुचलं नाही. पुढच्या खेपेला बदलीवाले आमच्याकडं फिरकले नाहीत.

हे आमच्यापुरतंच आहे का? नाही. 1952 साली लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मतं दोन, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी अशोक मेहता यांनी जोडी केली. बाबासाहेबांना 1,23,576 मतं पडली, काँग्रेसच्या काजरोळकरांना 1,38,137. घटनेचा शिल्पकार 14,561 मतांनी पडला! मेहताही पडले. 74,333 मतं बाद झाली. मतं मुद्दाम वाया घालवायला लावली, अशी तक्रार त्या दोघांनी निवडणूक अर्जात केली. कारणं आणखीही असतील. पण दोन मतांच्या निवडणुकीत जोडीदाराला गुपचूप कापता येतं, हे त्या सालानं शिकवलं.

आता 1957 बघा. संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती. मुंबई शहर मध्य मतदारसंघात पुन्हा दोन जागा. समितीतर्फे कम्युनिस्ट कॉम्रेड डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने उभे राहिले. याच डांग्यांनी 1952 ला आंबेडकर-मेहता जोडीसमोर उमेदवारी केली होती! तरी पाच वर्षांनी लाल बावटा आणि निळा झेंडा एका व्यासपीठावर आले आणि दोघंही निवडून आले. का? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही मागणी दोघांची होती. मान्यांचं मत हे उपकाराचं मत नव्हतं, ते आपल्याच मागणीचं मत होतं.

कुणी म्हणेल, अमेरिकेत 1960 साली केनेडींनी टेक्ससचे जॉन्सन जोडीला घेतले आणि टेक्सस जिंकलं, तसं आपणही करू. अहो, तिथं एकाच मतात दोघं निवडले जातात. जोडीदाराला वेगळा कापायची सोयच नाही! आपल्याकडं ती सोय आहे. लोकसभा-विधानसभेचे दोन जागांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्यानं गेले, पण ठाण्याच्या महापालिकेत तीच रीत वेगळ्या रूपात आहे. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं तेव्हा अ, ब, क, ड अशी चार बटणं आपण दाबली. पॅनेल एक, पण मतं चार. पहिलं बटण आपल्या माणसाला आणि दुसऱ्याला मात्र नाक मुरडून भलतंच बटण, हे किती घरांत झालं, ते ज्याचं त्यानं मनाला विचारावं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. कुंपणावरच्यांना ओढणारा जोडीदार जरूर घ्या. नुसत्या आपल्या मतांवर बाजी मारता येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण नाव जाहीर करण्याआधी आपल्या खात्यात, आपल्या चाळीत सभा घ्या. विचारा, "ह्याला मत देणार का?" नाही म्हणाले तर का नाही, ते बोलतं करा. जातीमुळं? खात्यामुळं? गावामुळं? मग आधी ते मोडून काढा. मागणी एक ठरवा, कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आणि आपल्या माणसाचा प्रचार जोडीदाराच्या वस्तीत होतो, तसा जोडीदाराचा प्रचार आपल्या वस्तीत आपणच करा.

हे करायची छाती नसेल तर जोडीदार घेऊच नका. दुसऱ्याची मतं घ्यायची आणि दुसऱ्याला पाडायचं, ह्याला हुशारी म्हणत नाहीत. ह्याला दगा म्हणतात. आणि दगा खाल्लेला माणूस कुंपणावर बसत नाही, तो कायमचा पलीकडं उतरतो.

एक मागणी, एक पॅनेल! मत द्या तर सगळ्यांना द्या!

— तुमचे, टेंभी नाक्यावरचे गिरणीकामगार