चाकांवरचें बिऱ्हाड
मोटारींतच बिऱ्हाड थाटून आल्प्सच्या सरोवरांकांठीं हिंडावें, असा बेत घरांतील तरुण मंडळींनीं मांडिला. आम्हीं म्हटलें, आधीं सातपुड्यांत रंगीत तालीम करा. रावेरहून फैजपूर, यावल, चोपडें, शिरपूर, शहादें या पायथ्याच्या वाटेनें हजार मीटरांहून उंच अशा तोरणमाळास जावें. तेथें यशवंत तलाव आहे. घाट वळणांचा, तो दिवसाउजेडींच चढावा. पाणी व शिधा शहाद्यासच भरून घ्यावा.

परंतु खरा प्रश्न निराळाच. बिऱ्हाड चाकांवर चढलें कीं चूलही चढते, आणि चुलीमागें गृहिणी! तिनें तलाव भांडीं घासतांनाच पाहावा काय? म्हणून मार्ग आंखण्यापूर्वीं स्वयंपाकाच्या पाळ्या ठरवाव्या. पहिली पाळी आम्हीं स्वतःकडे घेतली आहे. पिठलें जमतें, भाकरी अद्याप गोल होत नाहीं.